अंगण-परस : उन्हाळ्यात निजणारा नर्गिस

होळी झाली की ह्या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत “फुले किती छान आली म्हणून सांगू!” असे लिहिणाऱ्या मैत्रिणी आता “पाने पिवळी पडली हो” असे लिहू लागतात. ह्या आठवड्यात सिन्नरहून आलेले एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवले. पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे माहेर दिल्लीचे. लग्नानंतर पहिल्या दिवाळसणाला त्या माहेरी गेल्या, तेव्हा निघताना आईने फराळाच्या डब्याबरोबर नर्गिसचे आठ कंद वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. त्या लिहितात :

“ताई, जानेवारीत नुसता घमघमाट होता. शेजारणी विचारायला यायच्या, कसला वास गं? आता मात्र पाने टोकाकडून पिवळी पडत चालली आहेत. सकाळ-संध्याकाळ पाणी घालते, तरी मान वर करत नाहीत. सासूबाई म्हणतात, मेलंय ते, कुंडी रिकामी कर, आपण मिरची लावू. काय करू? आईने दिलेले आहेत हो.”

पत्रातले ते शेवटचे वाक्य वाचले आणि ठरवले की आज दुसऱ्या कुठल्या झाडाकडे वळायचे नाही. सिन्नरच्या भगिनी, आधी एवढे करा. पाणी घालणे आजपासून बंद करा. कुंडी उचलून पत्र्याखाली किंवा व्हरांड्यात ठेवा. आणि कंद टाकून देऊ नका. ते मेलेले नाहीत. ते झोपायला निघाले आहेत, आणि तुम्ही त्यांना सकाळ-संध्याकाळ उठवून जेवायला वाढता आहात!

आधी माझीच चूक सांगते

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ह्याच चुकीपायी माझे नऊ कंद गेले आहेत.

माझी थोरली बहीण, अक्का, यजमानांच्या नोकरीमुळे बरीच वर्षे दिल्लीला होती. तिकडे थंडीत फुलवाल्यांकडे नर्गिसच्या जुड्या येतात. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळी वाटी, एका दांड्यावर सात-आठ फुलांचा घोस. एका दिवाळीला अक्का नाशिकला आली ती माझ्यासाठी बारा कंद घेऊन. मी ते चार कुंड्यांत तीन-तीन लावले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गुलाबाच्या ऐवजी प्रत्येकीच्या हाती नर्गिसचा एकेक दांडा दिला, तेव्हा मी किती मिरवले म्हणता!

मग मार्च उजाडला. पाने पिवळी पडू लागली. मला वाटले, ऊन लागले. पाणी वाढवले. तरी पिवळीच. मग वाटले, भूक लागली असेल. शेंगदाण्याच्या पेंडीचे पाणी घातले. पाने जमिनीवर लोळली, वाळली, नाहीशी झाली, तरी मी आशेने वाटीभर पाणी घालतच राहिले. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि कुंड्या पावसात मनसोक्त न्हाल्या. अश्विनात नवी माती भरावी म्हणून पहिली कुंडी उपडी केली, तर आत कंद नव्हते, नुसता काळपट लगदा होता. वास असा की नाकाला पदर लावावा लागला. दुसरी, तिसरी, तीच गत.

चौथी कुंडी मात्र मे महिन्यात मांजराने पाडली होती. ती फुटली म्हणून मी परसात पत्र्याखाली, लाकडांच्या मागे सारून दिली आणि साफ विसरले. तिला पाणी नाही, खत नाही, पावसाचा थेंब नाही. त्या फुटक्या कुंडीतल्या ढेकळासारख्या मातीत तिन्ही कंद टणक, तुकतुकीत, कागदी साल पांघरून बसलेले होते. एकाच्या टोकाला हिरवा कोंबसुद्धा डोकावत होता.

सासूबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या. त्यांचे माहेर निफाड तालुक्यातले, कांदा पिकवणाऱ्या घरातले. त्यांनी तो कंद हातात घेऊन फिरवला आणि म्हणाल्या, “अगं, हा तर कांद्याचाच भाऊ. कांद्याला कुणी चैत्र-वैशाखात पाणी पाजतं का?”

मैत्रिणींनो, नर्गिसचे सगळे शास्त्र त्या एका वाक्यात आहे. बाकी मी सांगते तो त्याचा विस्तार.

ज्याच्या पंचांगात पावसाळा नाही

आपल्या मातीतले कंद आठवा. भुईचाफा, कळलावी, रानहळद. ही सगळी मंडळी थंडीत आणि उन्हाळ्यात जमिनीखाली गुडूप असतात आणि पावसाच्या सुमाराला जागी होतात. त्यांना पाऊस म्हणजे सकाळ.

नर्गिसचे उलटे. त्याचे मूळ घर भूमध्य समुद्राच्या काठचे. स्पेन-पोर्तुगालपासून थेट इराणपर्यंत तो रानात उगवतो. इराणमध्ये बेहबहान, काझरून ह्या भागांत नर्गिसची शेतेच्या शेते आहेत. तिकडच्या आणि आपल्याकडच्या उर्दू कवींनी डोळ्यांना नर्गिसची उपमा दिली ती ह्याच फुलावरून. आपल्याला नर्गिस म्हटले की ‘मदर इंडिया’ (१९५७) आधी आठवतो, ती गोष्ट वेगळी!

तर त्या मुलखात पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळा कडक आणि अगदी कोरडा. तिथल्या कंदाने हजारो वर्षे एकच धडा गिरवला : थंडी आणि ओल आली की जागे व्हायचे, पाने काढायची, फुलायचे, पुढच्या वर्षाची शिदोरी कंदात भरायची. ऊन तापू लागले की पाने टाकून द्यायची आणि मातीखाली निजायचे.

आता हा पाहुणा आपल्याकडे येतो. हिवाळा त्याला मानवतो. आमच्या नाशिककडची थंडी तर त्याला चांगलीच आवडते. निफाडला काही वर्षी पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. उन्हाळाही मानवतो, कारण आपला उन्हाळा कोरडा असतो. सिन्नर, येवले, अहिल्यानगर, मराठवाडा ह्या कोरड्या पट्ट्यात तर त्याला माहेरचीच आठवण यावी. पण मग येतो आपला पावसाळा. तो ऋतू ह्याच्या पंचांगातच नाही. गाढ झोपेतल्या कंदाला मुळे नसतात, पाने नसतात. वरून आलेले पाणी तो पिणार कसा? ते पाणी त्याच्याभोवती साचते, माती उबदार असते, बुरशीला आयतेच रान मिळते आणि कंद कुजतो.

म्हणून आपल्याकडे नर्गिस थंडीत मरत नाही, उन्हातही मरत नाही. तो मरतो उन्हाळ्यात मायेने घातलेल्या पाण्याने आणि जून ते सप्टेंबरच्या पावसाने. ह्या दोन गोष्टींपासून वाचवला, तर तो वर्षानुवर्षे घरात राहतो.

निजलेला कंद रिकामा नसतो

आणखी एक गंमत सांगते. एखादा दुखावलेला कंद असेल तर सप्टेंबरअखेरीला सुरीने उभा चिरून पाहा. कांद्यासारखे पदर दिसतील आणि अगदी मध्ये, बोटाच्या नखाएवढी, पुढच्या थंडीत उमलायची कळी! ही कळी कधी तयार झाली? उन्हाळ्यात, कंद निजलेला असताना. ह्या जातीच्या नर्गिसला कळी धरण्यासाठी उन्हाळ्याची ऊब लागते. म्हणून त्याला थंडावा द्यायची, फ्रिजमध्ये ठेवायची काही गरज नाही.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सिली नावाची बेटे आहेत. तिथले शेतकरी ह्याच कुळातल्या पिवळ्या नर्गिसच्या शेतावर गवत जाळून धूर धरतात. त्याने फुले लवकर आणि जास्त येतात. धुरात इथिलीन नावाचा वायू असतो. केळी आणि आंबे पिकतात तेही ह्याच वायूच्या जोरावर. वरून निपचित दिसणाऱ्या कंदाच्या पोटात किती काय चाललेले असते पाहा!

म्हणजे त्याची विश्रांती ही आळस नव्हे. तेच त्याचे अर्धे वर्षाचे काम आहे.

वर्षाचा हिशेब

आता महिन्यावारी सांगते. कात्रण करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

अश्विन-कार्तिक (ऑक्टोबर-नोव्हेंबर) : लावणी. पाऊस पुरता परतला आणि रात्री अंगावर चादर ओढावीशी वाटू लागली की लावायचे. कोजागरी ते दिवाळी हा काळ उत्तम. विकत घेताना कंद हाताने दाबून पाहा. टणक आणि वजनाला जड असावा, बुडाशी मऊ लागता कामा नये. मोठ्या कंदाला दांडे जास्त येतात, तेव्हा चार रुपये वाचवायला चिंगळ्या घेऊ नका.

आठ इंची मातीची कुंडी घ्या. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा. दोन भाग पोयट्याची किंवा तांबडी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि मूठभर हाडांचा चुरा. नुसती काळी माती घेऊ नका, ती पाणी धरून ठेवते. ताजे शेणखत तर मुळीच नको. एका कुंडीत तीन ते पाच कंद, एकमेकांना न चिकटता. शेंडा जेमतेम मातीच्या वर दिसेल इतकेच खोल. जमिनीत लावायचे असल्यास मात्र चार-पाच इंच खोल लावा.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी घाला. मग कोंब दोन इंच वर येईपर्यंत माती वरून सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नाही. ह्या दिवसांत कंद खाली मुळे सोडत असतो. पहिले दोन आठवडे कुंडी सावलीत, पुढे उन्हात.

मार्गशीर्ष-पौष (डिसेंबर-जानेवारी) : वाढ आणि फुले. निदान चार-पाच तास ऊन हवे. सावलीत पाने लांबलचक वाढतात आणि फुलांच्या भाराने दांडे आडवे होतात. पाण्याची परीक्षा बोटाने करा. एक पेरभर बोट मातीत घालून कोरडे लागले तरच पाणी. साधारण दीड-दोन महिन्यांत फुले येतात.

फुलदाणीसाठी दांडा पहाटे, घोसातली एक-दोन फुले उमलली असतानाच कापा. त्याच्या देठातून बुळबुळीत रस येतो, त्याने इतर फुले लवकर कोमेजतात. म्हणून नर्गिसचे दांडे रात्रभर वेगळ्या भांड्यात ठेवा आणि मग पाणी बदलून, दांडे पुन्हा न कापता, गुलाबाशेजारी बसवा. वास फार गोड पण उग्र आहे. बंद खोलीत कुणाचे डोके दुखते, तेव्हा रात्री उशापाशी नको.

माघ-फाल्गुन (फेब्रुवारी-मार्च) : शिदोरी भरणे. इथेच आपण चुकतो. फुले संपली की कुंडी विद्रूप दिसते, म्हणून आपण पाने कापतो किंवा वेणीसारखी गुंडाळून गाठ मारतो. तसे करू नका! पाने हिरवी असेपर्यंत उन्हातून अन्न करून कंदात भरत असतात. फक्त सुकलेली फुले खुडा. घरात चूल किंवा बंब असेल तर लाकडाची चिमूटभर राख मातीत मिसळा. फुलांनंतर निदान सहा आठवडे पाने राखलीच पाहिजेत. ह्या काळात पाणी चालू ठेवा. पाने निम्मी पिवळी झाली की मात्र, सासूबाईंच्या शब्दांत, “पाणी तोडायचं.”

चैत्र-वैशाख (एप्रिल-मे) : काढणी. उन्हाळ कांद्याच्या माना पडल्या की काढणी जवळ आली समजतात. नर्गिसचेही तेच. पाने लोळून वाळली की कुंडी उपडी करा. कंद हाताने मोकळे करा, पाण्याने धुऊ नका. पातीसकट तीन-चार दिवस सावलीत पसरा. मग वाळलेली पात कापा, पण इंचभर मान ठेवा. मान अगदी बुडाशी कापली तर तिथूनच कुजायला सुरुवात होते, हे कांद्याच्या कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा.

ज्येष्ठ ते भाद्रपद (जून-सप्टेंबर) : राखण. लासलगावकडची कांद्याची चाळ पाहिली आहे का? जमिनीपासून उचललेली, बाजूंना पट्ट्या-पट्ट्यांच्या फटी, खालून-वरून वारा खेळता. आपल्यालाही घरात एवढीशी चाळच करायची आहे. जाळीची पिशवी किंवा बांबूची टोपली घ्या आणि सावलीत, वारा लागेल अशी टांगा. प्लॅस्टिकची पिशवी, बंद डबा, ओला कोपरा वर्ज्य. पावसाळ्यात महिन्यातून एकदा हात फिरवा. मऊ लागला तो काढून टाका, नाहीतर शेजारच्याला बिघडवतो. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसा.

आणि सिन्नरच्या सासूबाईंना सांगा : एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत कुंडी रिकामीच आहे! खुशाल त्यात मिरची लावा, कोथिंबीर पेरा. नर्गिसची पाळी दिवाळीला, मिरचीची पाळी पावसात. एका कुंडीत दोघींचे समाधान.

स्वयंपाकघरापासून दूर!

आता जे सांगते ते जरा लक्ष देऊन वाचा. इतका वेळ मी कांदा-कांदा म्हणत आले, पण राखण कांद्यासारखी असली तरी हा कंद खायचा नाही. तो विषारी आहे.

पहिल्या वर्षी मी जाळीची पिशवी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली होती, कांद्यांच्या शेजारीच. सोय म्हणून. त्या पावसाळ्यात एका दुपारी माझी बारा वर्षांची लेक पहिल्यांदाच एकटीने कांदेपोहे करायला निघाली. मी बाहेर शेजारणीशी बोलत होते. आतून तिचा आवाज आला, “आई, हा कांदा डोळ्यांत का जात नाही गं?”

मी कशी आत धावले ते माझे मला ठाऊक. अर्धा कंद चिरून ताटलीत पडला होता. कढई तापली होती. देवाची कृपा म्हणून तोंडात काही गेले नव्हते. सुरी, ताटली, तिचे हात, सगळे धुतले. आणि त्याच दिवशी ती पिशवी स्वयंपाकघरातून हलली ती कायमची.

नर्गिसच्या कंदात लायकोरिन नावाचे द्रव्य असते. त्याने मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब होतात. शिजवल्याने ते जात नाही. इंग्लंडमधल्या एका शाळेत २००९ साली मुलांनी केलेल्या सुपात कांदा समजून ह्याच कुळातला कंद पडला आणि मुले आजारी पडली. म्हणून :

पिशवीला लाल दोरा बांधा आणि “फुलांचे कंद, खायचे नाहीत” अशी चिठ्ठी लावा.

पिशवी कोठीत, माळ्यावर, बाल्कनीत कुठेही टांगा, पण कांदे-बटाट्यांच्या जवळ नको. मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवा. गाई-शेळ्या, कुत्री-मांजरे ह्यांनाही तो बाधतो.

घरी येणाऱ्या मावशींना, पाहुण्यांना, सासू-सासऱ्यांना तोंडी सांगून ठेवा. चिठ्ठी प्रत्येक जण वाचतोच असे नाही.

कंद हाताळताना हातमोजे घाला, निदान प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळा. रसाने पुष्कळ जणींच्या हाताला खाज सुटते.

चुकून कुणाच्या पोटात गेलाच, तर मीठपाणी पाजून ओकाऱ्या काढायच्या भरीस पडू नका. उरलेला कंद बरोबर घ्या आणि सरळ डॉक्टर गाठा.

ह्या विषाचा एक फायदाही आहे, बरे का. उंदीर-घुशी नर्गिसच्या वाटेला जात नाहीत!

मैत्रिणींच्या शंका

“पाने दाट येतात, फूल एकही नाही. असे का?” कारणे चार. मागच्या वर्षी पाने लवकर कापली असतील. ऊन कमी पडत असेल. उन्हाळ्यात पाणी मिळाले असेल. नाहीतर कुंडीत गर्दी झाली असेल. नर्गिस लेकुरवाळा असतो. मोठ्या कंदाला बिलगून पिल्ले येतात. तीन-चार वर्षांनी काढणीच्या वेळी जी पिल्ले सहज सुटतील ती वेगळी करा. ओढून तोडू नका. पिल्लाला फूल यायला दोन-तीन वर्षे लागतात, तोवर धीर धरा.

“आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, माती नको.” मग उथळ वाडग्यात नदीचे गोटे भरा, त्यांत कंद नीट बसवा आणि पाणी इतकेच घाला की कंदाच्या बुडाला जेमतेम टेकेल. कंद पाण्यात बुडवू नका. मुळे सुटेपर्यंत सावलीत, मग खिडकीच्या उन्हात. चीनमध्ये नव्या वर्षाला घरोघर असाच नर्गिस फुलवतात. मात्र असा वाढवलेला कंद आपली सगळी शिदोरी खर्च करून बसतो. पुढच्या वर्षी त्याच्याकडून फुलाची आशा नको.

“मुंबईला किंवा कोकणात येईल का?” तिकडे थंडी कमी आणि हवा दमट, तेव्हा एका हंगामापुरता गोटे-पाण्याचाच मार्ग बरा. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, नागपूर, तसेच इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मैत्रिणींनी मात्र कुंडीत जरूर लावावा. नागपूरकरांनी मे महिन्यात कंदांची पिशवी गच्चीच्या तापत्या खोलीत न ठेवता घरातल्या सावलीत ठेवावी.

“दरवर्षी काढायचा कंटाळा येतो. जमिनीतच ठेवला तर?” जिथे पाऊस अगदी बेताचा आहे अशा माण-सांगोल्याकडच्या गावांत, भिंतीच्या कडेला पाखीखाली, हातभर उंच वाफा करून, भरपूर वाळू घालून पाहायला हरकत नाही. पण त्या वाफ्यात उन्हाळ्यात पाणी पिणारे दुसरे झाड नको. मोगऱ्याच्या आळ्यात नर्गिस लावलात, तर मोगरा जगवताना नर्गिस जाईल. निम्मे कंद जमिनीत आणि निम्मे पिशवीत, असे एक वर्ष करून पाहा.

“ट्युलिप असेच लावता येतील का?” नाही. ‘सिलसिला’ (१९८१) मधली ट्युलिपची शेते पाहून आपल्या सर्वांचाच जीव एकदा तरी लोभावला आहे. पण ट्युलिपच्या कंदाला फुलण्याआधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. ती काश्मीरला मिळते, आपल्या अंगणात नाही. त्यापेक्षा फ्रीझिया लावा. तो दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातला, तिकडेही पाऊस हिवाळ्यातच. त्याचेही उठणे-निजणे नर्गिससारखेच आहे आणि वास तर फारच सुरेख.

जाता जाता

सिन्नरच्या भगिनी, तुम्ही आजवर दोन वेळा पाणी घातलेत, म्हणून घाबरून जाऊ नका. आजच मानेजवळची माती जरा बाजूला करून कंद बोटाने दाबून पाहा. टणक लागला तर काळजी सोडा. एखादा मऊ लागला तर तेवढाच काढून टाका, बाकीचे वाचतील. रामनवमी-हनुमान जयंतीच्या सुमाराला पाने वाळली की कंद काढा, लाल दोऱ्याच्या पिशवीत घाला आणि दिवाळीपर्यंत विसरून जा. विसरणे हीच त्यांची सेवा. आपल्या बायकांना तेवढेच जमत नाही. कुणी गप्प पडून राहिले की त्याला काहीतरी खाऊ-पिऊ घातल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही!

माझ्या त्या फुटक्या कुंडीतल्या तीन कंदांचे आज सहा कुंड्या भरून कंद झाले आहेत. शिवाय लेकीला दिले, दोन भाच्यांना दिले, शेजारणींना दिले, ते वेगळेच. अक्का आता नाही. तिच्या हातचे पत्रसुद्धा घरात एकच उरले आहे. पण दर संक्रांतीला दार उघडले की तिने आणलेला वास घरात असतो. आईने दिलेले कंद टाकू नका म्हणते ते एवढ्यासाठीच.

पुढच्या आठवड्यात : मुलांना सुट्ट्या लागतील, आपण गावाला जाऊ. मागे कुंड्यांना पंधरा दिवस पाणी कोण घालणार? माठ, सुती वात आणि भुसा ह्यांच्या मदतीने घरच्या घरी करता येणारे तीन उपाय.